'राईट टू वर्क' राज्यात नोकरी घेताना: युनियनचं काय होतं आणि पगाराचं काय होतं

प्रश्न असा आहे: मुलगी नर्स आहे. तिला शिकागोच्या एका खासगी हॉस्पिटलात आणि तिथून तासाभरावर, हद्दीपलीकडे इंडियानातल्या एका हॉस्पिटलात, अशा दोन्हीकडे नोकरी मिळते आहे. इंडियाना 'राईट टू वर्क' राज्य आहे, इलिनॉय नाही. या कायद्याने युनियन खिळखिळी होते आणि पगार कमी राहतात असं काही जण सांगतात, तर उलट नोकऱ्या वाढतात असं काही जणांचं म्हणणं. यातलं खरं काय?

मी आधी चिंचवडच्या एका कारखान्यात युनियनच्या कमिटीवर होतो. पुढे मिशिगनमध्ये एका खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी केली आणि तिथल्या युनियन शाखेचा खजिनदार म्हणून बरीच वर्षं काम पाहिलं. मिशिगनमध्ये हा कायदा आला तेव्हा वर्गणीची वही माझ्याच हातात होती. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

पहिल्यांदा नावाबद्दल, कारण मराठी माणसाचा घोटाळा तिथेच होतो. 'कामाचा हक्क' म्हटलं की आपल्याला रोजगार हमी आठवते. वि. स. पागे यांनी ध्यास घेऊन उभी केलेली योजना, १९७७ चा महाराष्ट्राचा कायदा, मागेल त्याला काम. अमेरिकेतल्या या कायद्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. तो कुणालाही काम देत नाही. तो एवढंच सांगतो की, जिथे युनियनचा करार आहे तिथे 'युनियनला पैसे देणं ही नोकरीची अट' असं कलम करारात घालता येणार नाही.

दुसरा घोटाळा म्हणजे 'राईट टू वर्क राज्यात कधीही काढून टाकतात' ही समजूत. कारण न देता कामावरून कमी करण्याची मुभा हा वेगळा नियम आहे आणि माँटाना सोडलं तर तो सगळ्या राज्यांत लागू आहे, इलिनॉयमध्येसुद्धा. त्यातून वाचवतो तो युनियनचा करार, कारण करारात बहुतेक वेळा 'योग्य कारणाशिवाय काढता येणार नाही' असं कलम असतं. म्हणून युनियन मजबूत की कमजोर हा प्रश्न फक्त पगारापुरता नाही.

आता कायद्याचं मूळ. १९३५ च्या वॅग्नर कायद्याने अमेरिकेत ठरलं की, एखाद्या युनिटमध्ये, म्हणजे एका कराराखाली येणाऱ्या कामगारांच्या गटात, बहुमताने जी युनियन निवडून येईल ती त्या युनिटमधल्या सगळ्या कामगारांची एकमेव प्रतिनिधी. सभासद असो वा नसो, करार सगळ्यांना लागू. पुढे कोर्टांनी असंही ठरवलं की युनियनने सगळ्यांची बाजू सारख्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. बिनसभासदाला डावललं तर तो युनियनवर दावा लावू शकतो. १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार धुडकावून काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, टाफ्ट-हार्टली कायदा केला. त्यातल्या कलम १४(ब) ने राज्यांना मोकळीक दिली की, हवं तर वर्गणीची सक्ती तुम्ही आपल्या हद्दीत बंद करा. फ्लोरिडा आणि आर्कान्सा यांनी तर १९४४ मध्येच आपल्या राज्यघटनेत तशी दुरुस्ती करून घेतली होती. आज अशी २६ राज्यं आहेत. इंडियाना २०१२ मध्ये आलं. त्याआधी १९५७ मध्ये तिथे असाच कायदा झाला होता आणि १९६५ मध्ये तो रद्दही झाला होता.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण प्रचारात ती दडपली जाते. 'युनियनचं सभासद व्हायची सक्ती' अमेरिकेत आज कुठल्याच राज्यात नाही. इलिनॉयमध्येसुद्धा तुमची मुलगी सभासदत्व नाकारू शकते. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या १९८८ च्या बेक निकालानंतर खासगी क्षेत्रातला बिनसभासद फक्त वाटाघाटी आणि प्रतिनिधित्वाच्या खर्चाचा वाटा देणं लागतो; राजकीय खर्चाचा वाटा तो नाकारू शकतो. म्हणजे दोन राज्यांतला फरक सभासदत्वाचा नाही, त्या वाट्याचा आहे. इलिनॉयमध्ये करारात तसं कलम असेल तर वाटा द्यावा लागतो, इंडियानात एक सेंटही देऊ नका, तरी करार लागू आणि युनियनची जबाबदारी कायम.

आपल्याकडे हा प्रश्न अनोळखी नाही. भारतात युनियनची सक्ती नाहीच. पावती फाडायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. पण महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने मान्यताप्राप्त युनियन ही कल्पना आणली, आणि तिचा करार सगळ्यांना बांधील. मग बिनसभासदाने त्या कराराचा खर्च उचलायचा का? बामर लॉरी कंपनीत मान्यताप्राप्त युनियनने केलेल्या करारात कलम होतं की प्रत्येक कामगाराच्या पगारवाढीच्या फरकाच्या रकमेतून १५ टक्के कापून युनियनच्या फंडात द्यायचे, मग तो सभासद असो की नसो. दुसऱ्या युनियनने त्याला आव्हान दिलं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि डिसेंबर १९८४ मध्ये कोर्टाने ते कलम वैध ठरवलं. चिंचवडला आमच्या गेट मीटिंगमध्ये त्या निकालाची चर्चा होत असे. ज्याच्या हातात फरकाची रक्कम पडते त्याने ती मिळवून देणाऱ्याचा खर्च उचलावा, हे तत्त्व मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. मी या प्रश्नात तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मिशिगनमध्ये राज्यपाल रिक स्नायडर यांनी ११ डिसेंबर २०१२ ला सही केली. लॅन्सिंगला कॅपिटॉलबाहेर, म्हणजे राज्याच्या विधानभवनाबाहेर, थंडीत हजारो कामगार उभे होते, मीही होतो. कायदा २८ मार्च २०१३ पासून लागू झाला, पण आधीचे करार मुदत संपेपर्यंत चालू राहिले. त्यामुळे परिणाम एका दिवसात दिसला नाही. आमचा करार संपेपर्यंत सगळं पूर्वीसारखं चाललं होतं.

त्यानंतरचं मी जवळून पाहिलेलं सांगतो. दर महिन्याला हॉस्पिटलच्या पेरोल विभागाकडून एक यादी येई: कुणाच्या पगारातून किती वर्गणी कापली. मी ती यादी आणि युनिटमधल्या माणसांची यादी शेजारी ठेवून पट्टी लावून ओळीओळीने जुळवायचो. पहिल्या वर्षी वर्गणी थांबवणारे मोजकेच निघाले. जुनी माणसं सहसा सोडून जात नाहीत. त्यांनी संप पाहिलेला असतो, त्यांच्या कुणाच्या तरी नोकरीसाठी युनियन उभी राहिलेली असते. गळती दुसऱ्या टोकाला होती. नवीन लागलेल्या मुलामुलींची सभासदत्वाची कार्डं येईनात. त्यांच्या दृष्टीने पगार, विमा, रजा हे सगळं हॉस्पिटल देतं. ते करारातून आलेलं आहे हे सांगायला आम्हाला मिळायचा तो नव्या भरतीच्या ओळख-दिवसातला अर्धा तास, तोही जेवणाच्या सुट्टीला लागून. दरवर्षी जुनी माणसं निवृत्त होत गेली आणि नव्या नावांसमोरचा रकाना रिकामा राहत गेला. सभासद संख्या या कायद्याने घटते ती अशी, भरती न होऊन.

एका सहकारी बाईंची गोष्ट सांगितली की हिशेब समजेल. रक्त काढण्याच्या विभागात रात्रपाळीला होत्या, दोन लहान मुलं, घरात एकटीचा पगार. वर्गणी महिन्याला ४५ डॉलरच्या आसपास होती, ती त्यांनी बंद केली. मला म्हणाल्या, ते पैसे पाळणाघराला लागतात. मला त्यांचा राग आला नाही, आजही नाही. ज्याच्या घरात महिनाअखेर ओढाताण आहे तो कायद्याने दिलेली सवलत घेणारच. वर्षभराने उशिरा येण्यावरून त्यांना कामावरून काढलं. त्यांनी तक्रार दाखल केली आणि आमच्या प्रतिनिधीने ती तीन पायऱ्यांवर लढवली. शेवटी प्रकरण लवादाकडे गेलं. लवादाची फी निम्मी आमची, वर वकिलाचा खर्च. काही हजार डॉलरचा चेक मी स्वतः लिहिला. बिनसभासदाकडून तक्रारीची फी घ्यायलाही परवानगी नाही, खासगी क्षेत्रातले युनियनचे वाद पाहणाऱ्या केंद्रीय श्रम मंडळाचा तसा जुना पवित्रा आहे. त्या जिंकल्या, मागचा पगारही मिळाला. आनंदच झाला. पण त्या वर्षी दुसऱ्या दोन तक्रारी आम्ही तिसऱ्या पायरीवरच तडजोड करून मिटवल्या, कारण खात्यात लवादापुरते पैसे उरले नव्हते. त्या दोघींपैकी एक सतरा वर्षांची सभासद होती. ही गोष्ट मला अजून सलते.

पगाराचंही असंच आहे. या कायद्याने उद्या सकाळी कुणाचा पगार कापला जात नाही. परिणाम वाटाघाटीच्या टेबलावरून येतो. वर्गणी कापून देणारा पेरोल विभाग मालकाचाच असतो, त्यामुळे शंभरातल्या किती जणांनी कार्ड भरलंय हे समोरच्या वकिलाला आमच्याइतकंच नेमकं माहीत असतं. शंभरात पंचाण्णव असताना तो ज्या सुरात बोलतो, तो सूर सत्तर झाल्यावर राहत नाही. संपाची ताकद किती हे त्याला न विचारता कळलेलं असतं. मग वाढ तीन टक्क्यांऐवजी दोन होते, विम्यातला आपला वाटा थोडा चढतो, नव्या माणसांसाठी पेन्शनची वेगळी, हलकी पायरी येते. प्रत्येक गोष्ट लहान. पण पगारवाढ चक्रवाढीने चालते आणि दहा वर्षांनी फरक डोळ्यांत भरतो.

आता आकडे. दोन्ही बाजूंनी ते वापरले जातात, म्हणून कुठला आकडा कुठवर चालतो ते सांगतो.

अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागानुसार १९८३ मध्ये नोकरदारांपैकी २०.१ टक्के युनियन सभासद होते; २०२४ मध्ये ९.९ टक्के. नॉर्थ कॅरोलिना हे 'राईट टू वर्क' राज्य, तिथे २०२४ मध्ये २.४ टक्के, हवाई तसं नाही, तिथे २६.५ टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवून 'बघा कायद्याचा परिणाम' म्हणणं चुकीचं आहे. दक्षिणेतल्या राज्यांत कायद्याच्या आधीही युनियन फार नव्हत्या. जिथे त्या कमजोर होत्या तिथेच असा कायदा सहज मंजूर झाला. विस्कॉन्सिनबाबत तर सर्रास गफलत होते. तिथलं प्रमाण २०१० मध्ये १४.२ टक्के होतं, २०१५ मध्ये ८.३ टक्के, आणि 'राईट टू वर्क' आला मार्च २०१५ मध्ये. घसरणीचा बराच भाग त्याआधीचा, २०११ च्या अ‍ॅक्ट १० मुळे. त्या कायद्याने बहुतेक सरकारी नोकरांचा वाटाघाटीचा हक्कच जवळपास काढून घेतला होता. मिशिगनमध्ये २०१२ ला १६.६ टक्के आणि २०२२ ला १४ टक्के. त्याच काळात देशाचं प्रमाण ११.३ वरून १०.१ वर आलं. म्हणजे मिशिगनची घसरण देशापेक्षा जास्त, पण सगळीच कायद्याच्या खात्यात टाकता येत नाही.

अर्थशास्त्रज्ञांनी यावर मार्ग काढला तो असा: कायदा येण्याआधी आणि आल्यानंतर त्याच राज्यात काय झालं, आणि कायदा न आलेल्या राज्यांत त्याच वर्षांत काय झालं, हे जोडीने पाहायचं. निकोल फोर्टिन, थॉमस लेमियू आणि नील लॉईड यांनी २०११ नंतर कायदा आलेली पाच राज्यं अशी तपासली. पाच वर्षांनंतर युनियनचं प्रमाण सुमारे ४ टक्के-अंकांनी खाली आणि पगार सुमारे १ टक्क्याने खाली. हा परिणाम जवळजवळ सगळा आधीपासून युनियन असलेल्या उद्योगांतच एकवटला होता. माझ्या अनुभवाशी जुळणारा आकडा हाच आहे. युनियनधार्जिण्या इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूटने २०१५ मध्ये राज्याराज्यांची तुलना करून, राहणीमानाचा खर्च वगैरे वजा करून, ३.१ टक्के फरक काढला होता. तो खोटा नाही, पण राज्यांमधले जुने फरक त्यातून पूर्ण धुऊन निघाले असं मी म्हणणार नाही. उलट ओक्लाहोमाच्या २००१ च्या कायद्यावर एरेन आणि ओझबेक्लिक यांनी काम केलं तेव्हा सभासद घटलेले दिसले, खासगी क्षेत्रातल्या पगारावर मात्र परिणाम सापडला नाही. तिथे युनियनच मुळात थोड्या होत्या, म्हणून मला त्याचं नवल वाटत नाही.

१ टक्का किरकोळ वाटतो. हिशेब मांडून पाहा. वर्षाला ५० हजार डॉलर पगार धरला तर १ टक्का म्हणजे ५०० डॉलर. महिन्याला ४५ डॉलर वर्गणी वाचवली तर वर्षाचे ५४० वाचतात. म्हणजे सरासरीने पाहिलं तर वाचवलेली वर्गणी पगाराच्या वाटेने जवळजवळ तेवढीच परत जाते. आणि ती सरासरी युनियन नसलेल्या लोकांनाही धरून आहे. युनियन असलेल्या ठिकाणी गेलेली रक्कम त्याहून मोठी असते. शिवाय काढून टाकण्यापासूनचं संरक्षण पातळ होतं ते वेगळंच, त्याचा हिशेब या टक्क्यात धरलेला नाही.

विरोधी बाजूचं सगळं म्हणणं मी झटकून टाकत नाही. थॉमस होम्स यांनी १९९८ मध्ये राज्यांच्या सीमेवरचे जिल्हे तपासले आणि हद्द ओलांडून 'राईट टू वर्क' राज्यात गेलं की कारखानदारीचं प्रमाण ठळकपणे वाढतं असं दाखवलं. पण त्यांनी स्वतःच सांगितलं की हा परिणाम एका कायद्याचा नव्हे, करसवलती आणि बाकी उद्योगस्नेही धोरणांच्या एकत्र गाठोड्याचा आहे. प्रचारात पहिलं वाक्य सांगतात, दुसरं गाळतात. आणखी एक गोष्ट मला मान्य करावी लागते. सक्तीची कापणी होती तेव्हा आमच्या शाखेचे काही पदाधिकारी महिनोन्‌महिने वॉर्डात फिरकत नसत. कार्ड हातात घेऊन माणसांसमोर उभं राहायची पाळी आली तेव्हा ते फिरू लागले. नेवाडा पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपासून 'राईट टू वर्क' राज्य आहे, तरी लास वेगासच्या हॉटेल कामगारांच्या कलिनरी युनियनचे सुमारे ६० हजार सभासद आहेत. ते लोक रोज स्वयंपाकघरांत आणि लिनन रूममध्ये जाऊन माणसं जोडतात. टेनेसीत चॅटनूगाच्या फोक्सवॅगन कारखान्यात २०१४ ला युनियन ७१२ विरुद्ध ६२६ मतांनी हरली होती. एप्रिल २०२४ मध्ये २,६२८ विरुद्ध ९८५ ने जिंकली. कायदा तोच होता.

त्या दोन मतदानांच्या मध्ये काय घडलं? २०२३ च्या शरद ऋतूत डेट्रॉइटच्या तिन्ही कंपन्यांत ऑटो कामगारांचा संप झाला आणि साडेचार वर्षांत २५ टक्के वाढीचा करार झाला. पाठोपाठ होंडाने ११ टक्के वाढ जाहीर केली, टोयोटाने केंटकीत सुमारे ९ टक्के, ह्युंदाईने अलाबामा आणि जॉर्जियात २०२८ पर्यंत २५ टक्के. त्या कारखान्यांत युनियन नव्हती आणि केंटकी, अलाबामा, जॉर्जिया तिन्ही 'राईट टू वर्क' राज्यं. शेजारच्या गावात युनियन जिवंत असली की तिच्या धाकाने इथलाही मालक हात सैल सोडतो. म्हणून या कायद्याचा परिणाम युनियनच्या सभासदापुरता मोजून थांबता येत नाही.

आता तुमच्या मुलीकडे येतो. इलिनॉयने २०२२ मध्ये मतदान घेऊन राज्यघटनेतच तरतूद केली आहे, त्यामुळे तिथे 'राईट टू वर्क' कायदा करता येत नाही. मात्र ही हमी खासगी नोकरीपुरती. हॉस्पिटल काउंटीचं किंवा सरकारी विद्यापीठाचं असेल तर २०१८ च्या जॅनस निकालानुसार तिथेही बिनसभासदाकडून काही घेता येत नाही. तो खटला मुळात इलिनॉयचाच. तुम्ही खासगी म्हणता आहात, तरी मालक नेमका कोण आहे हे ऑफर लेटरवर तपासा. दुसरं, मुळात युनियनच नसलेल्या हॉस्पिटलात हा कायदा कागदावरच राहतो. राज्याच्या नावावर जाऊ नका. दोन्ही ठिकाणी तिला थेट विचारायला सांगा: नर्सेसचा सामूहिक करार आहे का, तो कधी संपतो, आणि त्याची प्रत मिळेल का. प्रत मिळाली की तीन पानं काढून वाचायची: पगाराच्या पायऱ्यांचा तक्ता, एका नर्सकडे किती रुग्ण याचं कलम, आणि शिस्तभंगाचं कलम. करार येत्या सहा महिन्यांत संपणार असेल तर तिथल्या एखाद्या नर्सला भेटून कार्ड किती जणींनी भरलंय हे विचारावं. नव्या करारात काय मिळणार याचा अंदाज मला तरी त्या एका उत्तरावरून बांधता येत असे.

इंडियानाची नोकरी घेतली आणि तिथे युनियन असली, तर पहिल्याच आठवड्यात तिने कार्ड भरावं. मिशिगनने आपला कायदा रद्द केला, १३ फेब्रुवारी २०२४ पासून खासगी नोकरीत तो उरला नाही. पण आमच्या शाखेत मधल्या वर्षांत लागलेल्या कित्येक जणांना युनियन म्हणजे काय हे कुणी सांगितलेलंच नव्हतं, आणि मी निवृत्त झाल्यावर माझ्या जागी आलेली मुलगी अजून एकेका वॉर्डात जाऊन तेच काम करते आहे.